आपली सोपाऱ्याची खाडी



आपल्या वसई तालुक्याचा इतिहास म्हटला की पहिले नाव निघते ते वसईच्या किल्ल्याचे. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून हा किल्ला घेतला, ही गोष्ट आपल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. त्या विजयाचा अभिमान आपणां सर्वांस आहे, आणि तो असावयासच पाहिजे. परंतु हा किल्ला उभा राहण्याच्या सतराशे वर्षे आधीपासून आपल्या भागाचे नाव दूरदेशी पोहोचले होते. आणि ते कोणा राजाच्या तलवारीने नव्हे, तर एका लहानशा खाडीच्या पाण्याने. ती खाडी म्हणजे आपली सोपाऱ्याची खाडी.

आज आपल्यापैकी कितीतरी जणी रोज तिच्यावरून रिक्षाने जातात, स्टेशन गाठतात, बाजार करून परत येतात. पण पुलाखाली पाहून 'ही खाडी' असे कोणी म्हणत नाही. 'नाला' म्हणतात आणि नाकाला पदर लावतात. मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती असतात, कविता असतात, हळदीकुंकवाचे आणि सहलीचे वृत्तांत असतात. यंदा या खाडीबद्दलही कोणी तरी लिहावे असे फार दिवस मनात होते. म्हणून मीच लेखणी हाती घेतली आहे.

प्रथम जागा कशी आहे ते पाहू. त्यासाठी नकाशाची गरज नाही. आपण पश्चिमेकडे तोंड करून उभ्या आहोत असे समजा. समोर अरबी समुद्र, पाठीशी तुंगारेश्वराचा डोंगर. डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेस, वसईची मोठी खाडी. बोरघाटाच्या बाजूने येणारी उल्हास नदी तिच्या वाटेने समुद्राला मिळते. उजव्या हाताला, उत्तरेस, वैतरणा. ती त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावून अर्नाळ्याजवळ समुद्रात जाते. या दोन मोठ्या पाण्यांच्या मधोमध, डोंगर आणि किनारा यांमधल्या सखल पट्ट्यातून, दक्षिणोत्तर जाणारी जी लहान खाडी ती आपली. नायगावजवळ तिला आजही सोपारा खाडी याच नावाने ओळखतात. पूर्वी ती वसईच्या खाडीपासून सोपाऱ्यावरून थेट वैतरणेच्या मुखाकडे पोहोचत असे. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस व दक्षिणेस मोठ्या खाड्या आणि पूर्वेस ही लहान खाडी, असे चहूकडून पाणी असल्यामुळे जुन्या लिखाणात वसईला बेट म्हटलेले आढळते.

नदीला एक उगम आणि एक मुख असते. या खाडीचे तसे नव्हते. भरती आली की समुद्राचे पाणी आत शिरावयाचे आणि ओहोटी लागली की परतावयाचे. दिवसातून दोनदा हा प्रकार. पावसाळ्यात तुंगारेश्वरावरून उतरणारे ओढे याच सखल पट्ट्यात येऊन मिळावयाचे. घर कितीही मोठे असो, त्यात मोरीची जागा सर्वांत खाली ठेवावी लागते. नाही तर धुण्याभांड्याचे पाणी माजघरात शिरते. आपल्या साऱ्या भागाला निसर्गाने जी मोरी करून दिली, ती ही खाडी. तिचा इतिहास पाहताना ही एक गोष्ट मनात ठेवली, म्हणजे पुढचे सारे समजावयास सोपे जाते.

खाडीकाठच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ पाहण्यासाठी घड्याळ लागत नसे. तिथीला तीनाने गुणावे व चाराने भागावे. जो आकडा येईल त्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि पाणी दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जोराचे चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीला ते मंद असते, त्याला भांग म्हणतात. माझ्या सासूबाई दिनदर्शिकेवर चतुर्थी-एकादशी पाहता पाहता आजही हा हिशोब तोंडी करतात. त्यांच्या माहेरी चिंबोऱ्या आणि निवट्या धरावयास खाजणात कधी उतरावयाचे, हे तिथीवरूनच ठरत असे.

आता नावाकडे वळू. सोपारे हे नाव 'शूर्पारक' या जुन्या संस्कृत नावापासून आले. शूर्प म्हणजे आपले सूप. आपल्या रोजच्या हातातली वस्तू आपल्या गावाच्या नावात आहे, हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. महाभारताच्या शांतिपर्वात अशी कथा आहे, की परशुरामाने सारी पृथ्वी दान दिल्यावर त्याला राहावयास जागा उरली नाही, तेव्हा समुद्राने मागे सरून त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला. कथा ती कथा. तिचा पुरावा कोणी मागू नये. परंतु जुन्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती असे तीवरून दिसते. ही भूमी समुद्राने दिलेली आहे, आणि ज्याने दिले त्याचा मान ठेवावा लागतो.

नालासोपारा या नावाबद्दलही दोन शब्द सांगते. बाहेरून आलेल्या माणसांना वाटते, की येथे मोठा नाला असल्यामुळे गावाला नालासोपारा म्हणत असावेत. तसे नाही. नाळे हे पश्चिमेकडील एक जुने गाव आहे. नाळे आणि सोपारे या दोन गावांची नावे जोडून स्टेशनचे नाव झाले. नाळ्याचा नाला झाला, आणि पुढे खाडीचाही नाला झाला!

या खाडीवर सोपारे बंदर केव्हा भरभराटीला आले, याची सुरुवात कोणी सांगू शकत नाही इतके ते जुने आहे. बौद्धांच्या जातककथांत शूर्पारकाच्या खलाशाची गोष्ट आहे. पूर्ण नावाचा सोपाऱ्याचा एक व्यापारी भिक्षू झाला, अशीही कथा बौद्ध ग्रंथांत सांगितली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिच्यात भडोच आणि कल्याण यांच्याबरोबर सोपाऱ्याचे नाव आहे. पुढे अरबी प्रवाशांनी त्याला 'सुबारा' म्हटले. उघड्या समुद्रावर वादळवाऱ्याचे भय. पण खाडीतून आत आलेल्या गलबताला आडोसा मिळे, काठावर गोड्या पाण्याची तळी होती, आणि येथून घाट चढून नाशिकवरून देशावर जाण्याची वाट होती. बंदराला याहून अधिक काय हवे?

नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदात याचा लेख आहे. तो क्षत्रप राजा नहपान याचा जावई. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, बागा लावल्या, तळी व विहिरी खोदल्या, असे त्या लेखात म्हटले आहे. याखेरीज आपल्या बाजूच्या नद्यांवर लोकांना पैलतीरी जाण्यासाठी त्याने नावांची फुकट सोय केली. त्या नद्यांत आपल्या जिल्ह्यातील डहाणूच्या नदीचेही नाव आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही हकीकत. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई ते भाईंदर रो-रो बोट सुरू झाली तेव्हा आपण सर्वजणी कौतुकाने पाहावयास गेलो होतो. पाण्याच्या वाटेने माणसे न्यावयाची ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आता सम्राट अशोकाविषयी. त्याने आपल्या राज्यात ठिकठिकाणी शिळांवर धर्मलेख कोरविले. महाराष्ट्रात असे शिलालेख जेथे सापडले ते ठिकाण म्हणजे आपले सोपारे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भाटेला तळ्याजवळ आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हा नववा लेख आपण महिलांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे. अशोक त्यात म्हणतो, की माणसे आजारपणात, मुलांच्या लग्नात, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात. त्यांतही बायका तर पुष्कळच क्षुल्लक विधी करतात, आणि त्यांचे फळ थोडे. खरा मंगल विधी कोणता, तर नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांवर दया करणे आणि दान देणे. बायकांनाच तेवढे का बोलावे, असे वाचताना मला वाटल्यावाचून राहिले नाही. पण दुसरा भाग खोटा आहे असे आपल्यापैकी कोण म्हणेल? घरी कामाला येणाऱ्या बाईशी आपण कसे बोलतो, यावर बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाने आपल्या गावच्या दगडावर लिहून ठेवले आहे!

त्याच १८८२ च्या एप्रिल महिन्यात भगवानलाल यांनी सोपाऱ्याजवळची एक टेकडी खोदली. लोक तिला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे सुपे-टोपल्या विणणारे. गावाच्या नावातही सूप आणि कोटाच्या नावातही सूप विणणाऱ्याचा राजा! टेकडीच्या पोटात विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्यात एक दगडी पेटी होती. पेटीच्या मधोमध तांब्याचा करंडा, त्याभोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. करंड्यात करंडा, त्यात पुन्हा करंडा, असे करत सर्वांत आत सोन्याची डबी, आणि तिच्यात मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते तुकडे श्रद्धेने जपले होते. सोन्याची फुले होती, यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही होते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ठेवल्या आहेत. सोन्याच्या डबीत मातीची खापरी! जिची किंमत मोठी मानली, तीच सर्वांत आत ठेवली. हा सारा ठेवा गलबते, व्यापारी आणि भिक्षू यांच्या येण्याजाण्यामुळे येथे आला. आणि ते येणे खाडीमुळे झाले.

मग असे नावाजलेले बंदर गेले कोठे? कोणी लुटले म्हणून ते बुडाले नाही. ते हळूहळू भरले. दर पावसाळ्यात डोंगरावरची माती ओढ्यांबरोबर खाली येते. भरतीचे गढूळ पाणी आत येऊन थांबले की त्यातला गाळ खाली बसतो. तिवरांची मुळे तो धरून ठेवतात. एका वर्षात हे दिसत नाही. शंभर वर्षांत गलबताचा तळ टेकू लागतो. इसवी सन १३२१ मध्ये ठाण्यास मारल्या गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना सोपाऱ्यात आणून पुरले, अशी नोंद त्यांच्या सोबत्याने केलेली आहे. म्हणजे तोपर्यंत गाव नावारूपाला होते. पण मोठी गलबते पुढे ठाणे, कल्याण, चौल अशा बंदरांकडे वळली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी किल्ला बांधला तो सोपाऱ्याला नव्हे, तर मोठ्या खाडीच्या मुखाशी. कारण उघडच आहे. पाणी खोल होते ते तेथे. मानाचे ठाणे सोपाऱ्याहून वसईला गेले ते गाळामुळे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत कोठे वाचावयास मिळत नाही.

बंदर गेले तरी खाडी कामाला यावयाची राहिली नाही. बायको म्हातारी झाली म्हणून चूल थोडीच विझते! खाडीने आता भात आणि मीठ द्यावयास आरंभ केला. काठच्या लोकांनी खाजणात मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले. बांधात ठेवावयाची ती उघाडी. तिची युक्ती फार सोपी व शहाणपणाची आहे. उघाडीला बाहेरच्या, म्हणजे खाडीच्या, बाजूला झडप असते. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते व खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याने झडप ढकलली जाते आणि पाणी बाहेर जाते. माणूस उभा करावा लागत नाही. दोन-तीन पावसाळे पडले की मातीतला खार धुऊन निघतो व भात लावता येते. असे बांध घालून काढलेल्या जमिनीला आपल्याकडे 'शिलोत्री' म्हणत. बांध फुटला तर एका उधाणात शेत पुन्हा खारे होई. म्हणून उन्हाळ्यात बांधबंदिस्ती करणे हे साऱ्या गावाचे काम असे. पुढे १९४८ साली सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला आणि खारभूमीचे मंडळ नेमले.

नायगाव, जूचंद्र, राजावली या बाजूला मिठागरे झाली. उधाणाचे पाणी आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडीत उन्हाने आटवीत न्यावयाचे, आणि शेवटी मीठ ओढून रास करावयाची. पाऊस संपला की काम सुरू, मृग जवळ आला की बंद. ज्यांचे हात या मिठात झिजले, त्या आगरी समाजाचे नावच मुळी मिठाच्या आगरावरून पडले. पश्चिमेच्या वाड्यांतील केळी आणि पाने, आगाशीकडची सुकेळी, खाडीकडचे भात, मिठागराचे मीठ, कोळीवाड्याची मासळी, असा आपला तालुका सर्व बाजूंनी भरलेला होता. खारे पाणी खाऱ्याच्या जागी व गोडे गोड्याच्या जागी ठेवणे, यातच सारे कौशल्य होते.

१८६४ साली मुंबई-सुरत रेल्वे झाली, आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला जाणारी गाडी धावू लागली. गाडीने आपल्याला मुंबई जवळ केली, शिक्षण जवळ केले, नोकरी जवळ केली. तिचे उपकार कोण विसरेल? पण भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर रेल्वेचा भराव म्हणजे दक्षिणोत्तर घातलेला एक लांबच लांब बांधच आहे. डोंगर त्याच्या पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला रुळांखालच्या मोऱ्यांतून वाट काढावी लागते. मोऱ्या मोकळ्या आणि पलीकडची शेते रिकामी होती तोवर ते निभावले. भाताच्या शेतात चार दिवस पाणी राहिले तर शेताचे काही बिघडत नाही. मिठागर तर पावसाळ्यात रिकामेच असते. ते भरले तरी मालक ओरडत नाही. शेते आणि मिठागरे ही आपल्या भागाची भरलेले पाणी थोडा वेळ ठेवून घेण्याची घंगाळी होती. त्यांनी पाणी झेलावयाचे, ओहोटी झाली की सोडावयाचे.

नंतर शहर वाढले. मुंबईत घर परवडेना, तशी माणसे आपल्याकडे येऊ लागली. १९९० साली या भागाच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली. हिरवी वसई आणि गोड्या पाण्याच्या विहिरी वाचाव्यात म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आणि त्यांच्याबरोबर हजारो स्त्रीपुरुषांनी चळवळ केली. टँकरसाठी उपसा झाल्यामुळे विहिरी मचूळ होऊ लागल्या होत्या, हे आपल्यापैकी वाडीतील भगिनींना मी सांगावयास नको. २००९ च्या जुलैत चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर भरली.

एवढी माणसे राहावयाची कोठे? उंचावरची जागा महाग. सखल जागा स्वस्त. डंपरने माती आणून टाकली, वर चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. आम्ही राहतो ती चाळही अशाच भरावावर आहे. ज्याने ती बांधली त्याने खोली देताना पाणी आणि वीज यांविषयी पुष्कळ सांगितले. पण त्या जागेवर पूर्वी काय होते ते सांगितले नाही, आणि विचारावयाचे आम्हांस सुचले नाही. घर घेणाऱ्या गरिबाने जावे कोठे? म्हणून नव्याने आलेल्यांना दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. रत्नागिरीहून आलेली, साताऱ्याहून आलेली, उत्तरेकडून आलेली आणि येथलीच आगरी, कोळी, वाडवळ, ख्रिस्ती अशी सारी माणसे आज एकाच पाण्यात उभी राहतात. दोष आहे तो खाडी विसरण्याचा.

१० जुलै २०१८ चा दिवस आपण विसरणार नाही. पावसाने रूळ बुडाले, वसई-विरारच्या गाड्या बंद पडल्या. नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्सप्रेसच्या प्रवाशांना आपत्ती निवारण दलाने बाहेर काढले. वसई पूर्वेच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसांना पाण्याने वेढले. अमावास्या तीन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून पाऊस, समोरून चढती भरती. उघाडीची झडप मिटलेली आणि पाणी ठेवून घेणारी घंगाळी मातीने भरलेली. मग पाणी घरात शिरले नाही तरच नवल. आमच्या खोलीत ते गुडघ्यापर्यंत आले. तांदळाचा डबा, मुलांची पुस्तके, गादी, सारे गेले. तीन दिवसांनी मी चिखल काढीत असताना सासूबाई म्हणाल्या, "ती परक्याच्या घरात नाही आली गं. तिच्याच घरात आली." मला तेव्हा राग आला. पण नंतर विचार केला तेव्हा वाटले, की सारा इतिहास त्यांनी एका वाक्यात सांगितला.

त्या पुरानंतर महानगरपालिकेने नीरी ही संस्था आणि मुंबईची आय. आय. टी. यांच्याकडून अभ्यास करविला. पावसाचे पाणी थोपवून धरण्यासाठी मोठे धारण तलाव करावेत, असे तज्ज्ञांनी सुचविले. हे वाचले आणि मला हसावे की रडावे ते कळेना. धारण तलाव म्हणजे तरी काय? जे काम आपली भातखाचरे आणि मिठागरे फुकट करीत होती, तेच काम आता पैसे खर्चून करावयाचे. तरी ते व्हावे, लवकर व्हावे. तिवरांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि २०१८ च्या सप्टेंबरात ती कायम केली, हेही आपण लक्षात ठेवावे. तिवरांवर राडारोडा टाकणे हा गुन्हा आहे. कोणी टाकताना दिसले तर तक्रार करण्याचा हक्क तुम्हांआम्हांला आहे.

कोणी म्हणेल, हे मोठमोठे विषय; महिला मंडळाने यात काय करावे? माझ्या अल्पबुद्धीला तीन गोष्टी सुचतात. पहिली, आपण आपल्या तोंडून तिला नाला म्हणणे सोडून द्यावे. नाल्यात कचरा टाकताना हात कचरत नाही. खाडीत टाकताना निदान क्षणभर तरी थांबेल. दुसरी, मे महिन्यात आपल्या परिसरातील मोऱ्या आणि उघाड्या मंडळाच्या भगिनींनी एकत्र जाऊन पाहाव्यात. जेथे गाळ आणि प्लास्टिक अडकले असेल त्याची यादी करून मृगाच्या आधी प्रभाग कार्यालयात द्यावी व पोच घ्यावी. एकटीच्या अर्जाला कोणी विचारीत नाही. साठ जणींच्या सह्यांना विचारावे लागते. तिसरी, घराघरांतील म्हाताऱ्यांना विचारून जुनी नावे लिहून काढावीत. कोठे बंदर होते, कोठे उघाडी होती, कोणते खाजण कोणत्या नावाने ओळखले जाई, भरती कोणत्या झाडापर्यंत चढत असे. ही नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. त्या त्यांच्याबरोबरच जातील. उद्या एखादी सून खोली घ्यावयास निघाली, तर तिला सांगावयास ही वही उपयोगी पडेल. आम्हांला कोणी सांगितले नाही, तिला तरी कोणी सांगावे.

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढाया एवढेच मी शाळेत शिकले होते. या लेखासाठी वाचावयास लागले तेव्हा दिसले, की पाणी कोठून येते आणि कोठे जाते, यावरही गावांची नशिबे ठरतात. सोपाऱ्याचे बंदर गाळाने गेले. ते त्या काळच्या लोकांच्या हातातले नव्हते. आज खाडी भरते आहे ती मात्र माणसाच्या हाताने, आणि हात म्हटला की तो आवरता येतो.

सुपात धान्य पाखडताना आपण सारेच फेकून देत नाही. फोल तेवढे उडवितो, दाणा जपून ठेवतो. सुपावरून ज्या गावाला नाव मिळाले, त्या गावच्या आपण बायका आहोत. नव्या काळाचे चांगले ते घेताना ही खाडी फोलकटाबरोबर उडवून देऊ नये, एवढीच माझी सर्व भगिनींना विनंती आहे.